परवानगी नाकारलेली आतषबाजी : पुट्टिंगल मंदिर, १० एप्रिल २०१६

केरळमधील कोल्लम जिल्ह्यात समुद्रकाठी परवूर नावाचे छोटे शहर आहे. तेथील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात, मीन महिन्यातील भरणी नक्षत्राच्या उत्सवात, १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे सव्वातीन-साडेतीनच्या सुमारास शोभेच्या दारूचे कोठार उडाले. त्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि साडेतीनशेहून अधिक जखमी झाली. या प्रकरणाची निवड मृतांच्या आकड्यासाठी केलेली नाही. या आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने आदल्या दिवशी नव्हे, तर त्याच्याही आधी, ८ एप्रिलला लेखी नकार दिलेला होता. रीतसर अर्ज आला होता, अहवाल मागवले गेले होते, शेजाऱ्यांची तक्रार दप्तरी होती आणि कागदापुरते पाहिले तर निर्णयही बरोबर होता. डोळे झाकून परवानगी दिली आणि अनर्थ झाला, अशी प्रकरणे पुष्कळ सापडतात व त्यांचा दोष पटकन दाखवता येतो. येथे ‘नाही’ म्हटल्यानंतर दारू उडाली, म्हणून परवान्याच्या कामाशी संबंध येणाऱ्या कोणालाही या प्रकरणात पाहण्यासारखे अधिक आहे.

स्पर्धा

केरळात देवळाच्या आतषबाजीला कंबम म्हणतात. पुट्टिंगलला होत असे ते मत्सरकंबम. मराठीत मत्सर म्हणजे हेवा, मल्याळममध्ये त्याच शब्दाचा अर्थ स्पर्धा. आणि या ठिकाणी दोन्ही अर्थ फारसे दूर नव्हते. दोन कंत्राटदार, दोन गट, एकाच मैदानावर आळीपाळीने दारू उडवणार, आणि कोणाचा आवाज मोठा, कोणाचा गोळा उंच, कोणाची माळ लांब, यावर गावोगावचे शौकीन रात्रभर मनातल्या मनात निकाल लावणार, असा हा प्रकार असतो.

सुरक्षेच्या दृष्टीने स्पर्धा हा शब्द फक्त प्रकाराचे नाव नसून स्वतंत्र धोका आहे. एका आयोजकाच्या ठरलेल्या कार्यक्रमात किती गोळे, किती व्यासाचे आणि कोणत्या क्रमाने हे आधी लिहून देता येते आणि तपासताही येते. स्पर्धेत क्रम समोरच्याने काय उडवले यावर ठरतो. त्याने मोठा आवाज काढला की आपल्याकडे त्याहून मोठा हाताशी हवा, म्हणजे साठा गरजेपेक्षा जास्त आणि मैदानाजवळ हवा. आवाज वाढवण्याच्या या ओढीतूनच बंदी असलेली रसायने वापरात येतात. क्लोरेट आणि गंधक यांच्या मिश्रणावर भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, कारण हे मिश्रण नुसत्या घर्षणाने किंवा ठोक्यानेही पेटू शकते. पण ते स्वस्त असते आणि त्याचा आवाज दणदणीत होतो. पुट्टिंगलच्या घटनेनंतर स्फोटक विभागाच्या तपासात पोटॅशियम क्लोरेटचा उल्लेख आला, त्याचे आश्चर्य या धंद्यातल्या माणसाला वाटले नसावे.

अर्ज, अहवाल, नकार

भारतात शोभेची दारू कायद्याच्या दृष्टीने स्फोटकच आहे. १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि त्याखालील २००८ चे स्फोटके नियम तिला लागू होतात. या नियमांत आतषबाजीच्या साहित्यासाठी स्फोटकांचा सातवा वर्ग राखलेला आहे. तांत्रिक बाजू पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, पाहते, आणि तिचे मुख्यालय नागपुरात आहे. सार्वजनिक आतषबाजीची परवानगी मात्र स्थानिक पातळीवर, जिल्हादंडाधिकाऱ्याकडे असते. जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हा अधिकार पोलीस आयुक्ताकडे जातो. नगरपालिकेचे हात रस्ता, मैदान, पाणी, दिवाबत्ती एवढ्यापुरते पोचतात. त्यामुळे ‘नगरपालिकेने परवानगी कशी दिली’ हा दुर्घटनेनंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या दारात विचारला जातो.

परवूरला अर्ज आल्यावर जिल्हा कार्यालयाने महसूल, पोलीस आणि प्रदूषण नियंत्रण यांच्याकडून अहवाल घेतले. मंदिराला लागून घरे होती. त्यांतील एका वृद्ध महिलेने दरवर्षी या दणक्यांनी घराचे नुकसान होते, अशी लेखी तक्रार केली होती. ८ एप्रिल रोजी अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीने परवानगी नाकारल्याचा आदेश निघाला.

येथून पुढचे दोन दिवस या प्रकरणाचा गाभा आहेत. आतषबाजी ९ तारखेच्या रात्री व्हायची होती. आदेश निघाला तेव्हा कंत्राटदार ठरलेले होते, माल आलेला किंवा येण्याच्या वाटेवर होता, उत्सवाची जाहिरात झालेली होती, आणि केरळात पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. पोलिसांच्या अहवालातला सूर या काळात बदलला, असा आक्षेप जिल्हा प्रशासनाने नंतर उघडपणे घेतला. देवस्थानाच्या बाजूने तोंडी होकार मिळाल्याची भाषा पुढे आली. कोण खरे बोलत होते, याचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे आणि या लेखाला त्याची गरजही नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाने पाहायची गोष्ट वेगळी आहे : लेखी नकारानंतरही ‘वरून बोलणे झाले आहे’ या वाक्याला मैदानावर वजन होते. असे वाक्य ऐकल्यावर समोरच्याकडे कागद मागण्याचे काम बंदोबस्तावरच्या ज्या अधिकाऱ्याचे आहे, त्याच्यासमोर त्या वेळी हजारोंची गर्दी उभी असते, आणि गर्दीसमोर उत्सव थांबवणे हे त्याला दारूइतकेच स्फोटक वाटत असते. ही भीती अगदीच खोटी नसते, हेही मान्य करायला हवे.

माझ्या मते नकाराच्या आदेशातील सर्वांत मोठी उणीव त्यात लिहिलेल्या नव्हे, तर न लिहिलेल्या गोष्टीत होती. आतषबाजी करू नये, केल्यास कारवाई होईल, असे आदेश सांगतो. आलेल्या मालाचे काय करायचे, तो कोणी, कधी, कोणत्या गाडीतून, कोणत्या परवानाधारक कोठारात नेऊन ठेवायचा आणि तसे झाल्याची सही कोणाकडे द्यायची, हे अशा आदेशात सहसा नसते. ज्याच्याकडे माल पडून आहे, पैसा अडकलेला आहे आणि समोर गर्दी आहे, त्याच्यासाठी कारवाईची धमकी ही उद्याची गोष्ट असते. बंदी खऱ्या अर्थाने अमलात येते ती माल हलवला जातो तेव्हा. आणि तेही सायंकाळी गर्दी जमण्याच्या आत.

कोठार

आतषबाजी मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाली आणि तीन तासांहून जास्त चालली. घडले ते शेवटाकडे.

त्या मैदानावरचे काम कसे चालते हे जवळून पाहिल्याशिवाय अपघात नीट कळत नाही. आकाशात फुटणाऱ्या गोळ्याला तेथे अमिट्टू म्हणतात. जमिनीत पुरलेल्या किंवा रोवलेल्या लोखंडी नळ्यात गोळा सोडतात. त्याच्या बुडाशी उडवणारी दारू असते आणि पोटात रंगाच्या व आवाजाच्या दारूपर्यंत जाणारी वेळ राखणारी वात. बत्ती दिल्यावर बुडाची दारू गोळ्याला वर फेकते, तोवर वात जळत राहते आणि गोळा माथ्यावर पोचतो त्या सुमारास पोटातली दारू पेटते. बुडाची दारू कमी पडली किंवा ओलसर असली तर गोळा अर्ध्या उंचीवरून खाली वळतो, पण वात थांबत नाही. असा गोळा कोठे येऊन फुटेल हे कोणालाच सांगता येत नाही.

नळे रिकामे होत जातात तसे कामगार कोठारातून नवे गोळे आणत राहतात. या कोठाराला कंबप्पुरा म्हणतात. म्हणजे पेटलेली राख वरून पडत असताना, उघड्या हातात किंवा पोत्यात दारू घेऊन माणसे कोठार ते नळे अशा फेऱ्या मारत असतात, आणि प्रत्येक फेरीला कोठाराचे दार उघडावे लागते. रात्रभर असे चालले असेल तर विपरीत घडले कसे, यापेक्षा ते पहाटेपर्यंत लांबले कसे, असा प्रश्न पडतो. पुट्टिंगलला कोठार आतषबाजीच्या जागेपासून जवळ, मंदिराच्याच आवारात होते. फसलेला जळता फटाका तेथल्या मालावर पडला आणि साठा पेटला, असा घटनाक्रम तपासातून पुढे आला.

आता काँक्रीटबद्दल. अनेक जण भाजून मेले. पण पुष्कळ जण उडालेल्या काँक्रीटच्या तुकड्यांनी मेले, आणि असे तुकडे सुमारे एक किलोमीटरवर जाऊन पडल्याचे त्या वेळच्या वृत्तांतांत आहे. सोरा ७५ भाग, कोळसा १५ आणि गंधक १० या जुन्या प्रमाणाची काळी दारू उघड्यावर थोडीशी पसरून पेटवली तर भपकन भडका उडतो आणि विझतो. तीच दारू मजबूत खोलीत पेटली तर तयार झालेल्या वायूला जायला वाट नसते, दाब वाढतो, दाबासोबत जळण्याचा वेगही वाढतो, आणि भिंती हार मानतात तेव्हा त्या भिंतीच गोळ्या होऊन सुटतात. आवाजासाठी केलेल्या मिश्रणांचे तर याहून वाईट. मजबूत इमारत म्हणजे सुरक्षित इमारत ही आपली रोजची समजूत स्फोटकांच्या बाबतीत नेमकी उलटी ठरते. म्हणूनच दारूकामाच्या शेडचे छप्पर मुद्दाम हलके ठेवतात, जेणेकरून दाब वर निघून जावा. शेजारच्या कार्यालयाची पक्की इमारत स्फोटात कोसळली, वीज गेली आणि बचावकार्य अंधारात सुरू झाले. अंधाराचा मुद्दा वाचताना किरकोळ वाटतो, पण पळणाऱ्या गर्दीला वाट न दिसणे आणि रुग्णवाहिकेला माणूस न दिसणे यांत कित्येक मिनिटे जातात.

अंतर आणि घड्याळ

या प्रकरणाची चर्चा झाली की सुरक्षित अंतर किती असावे, यावर वाद सुरू होतो. केरळातील मोठ्या उत्सवांत प्रेक्षक आणि आतषबाजी यांच्यात १०० मीटरची अट वर्षानुवर्षे चर्चेत आहे. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेचे, म्हणजे एनएफपीएचे, ११२३ क्रमांकाचे मानक एकच आकडा सांगत नाही. गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट मोकळी त्रिज्या धरायची, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब आहे. तीन इंची गोळ्याला २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर पुरतात. सहा इंचीला ४२० फूट, म्हणजे सुमारे १२८ मीटर लागतात. हा हिशेब मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण तो आयोजकाला आधी मैदान मोजायला लावतो आणि मग त्या मैदानात कोणता गोळा बसतो ते ठरवायला लावतो. ठरीव आकड्याच्या पद्धतीत लहान गोळ्यावर विनाकारण बंधन येते आणि मोठ्याला नको तेवढी मोकळीक मिळते.

परंतु प्रेक्षकांच्या अंतरावर एवढी शाई खर्च होते की दुसरे अंतर, म्हणजे कोठार आणि नळे यांच्यातले, मागे पडते. पुट्टिंगलची जीवितहानी त्या दुसऱ्या अंतरामुळे झाली. दिवाळीत मैदानावर लागणाऱ्या तात्पुरत्या दुकानांसाठी नियम पाहावेत : दोन दुकानांत किमान ३ मीटर, जवळच्या संरक्षित बांधकामापासून ५० मीटर, दुकाने समोरासमोर नकोत, उघडी ज्योत नको, आणि एका ठिकाणी पन्नासाहून जास्त दुकाने नकोत. बंद खोक्यांतला, कोणी न पेटवलेला माल विकण्यासाठी एवढी काळजी. तीच काळजी, जेथे माल उघडा आहे आणि वरून ठिणग्या पडत आहेत अशा कोठाराच्या बाबतीत आतषबाजीच्या रात्री घेतली जात नाही.

साठ्याच्या प्रमाणाचेही तसेच. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या पातळीवर फटाके तयार करण्याचा जो छोटा परवाना मिळतो, त्याची मर्यादा एका वेळी १५ किलोची आहे. रात्रभर चालणाऱ्या दुहेरी स्पर्धेचा माल १५ किलोत बसत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अर्जातला कालावधी आणि परवान्यातले वजन एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असते, तर अर्जदाराला पहिला प्रश्न तेथेच विचारता आला असता.

आणि घड्याळ. ध्वनिप्रदूषणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निकालाने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाके वाजवण्यास मनाई केलेली आहे. अंतर मोजायला फीत लागते, रसायन ओळखायला प्रयोगशाळा लागते, साठा मोजायला काटा लागतो आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीवर जागेवर वाद घालता येतो. वेळेवर वाद नाही. मध्यरात्री पहिला गोळा उडाला तेव्हाच, नकाराचा आदेश कोणाच्या खिशात आहे याची वाट न पाहता, हस्तक्षेपाला स्वयंस्पष्ट कारण मिळालेले होते. त्यानंतरचे तीन तास कोणी ते वापरले नाही.

नंतर

पंतप्रधान त्याच दिवशी भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर घेऊन केरळात पोचले. राज्य सरकारने मृतांच्या नातेवाइकांना १० लाख रुपये जाहीर केले, केंद्राने २ लाख. गुन्हे शाखेकडे तपास गेला, चौकशी आयोग नेमला गेला, देवस्थानाचे पदाधिकारी आणि कंत्राटदारांच्या बाजूची माणसे यांच्यावर खटला उभा राहिला.

केरळ उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी पत्र लिहिले आणि त्याचीच जनहित याचिका झाली. १२ एप्रिलला खंडपीठाने सूर्यास्त ते सूर्योदय या काळात मोठ्या आवाजाच्या दारूवर बंदी घातली. दोनच दिवसांनी, १४ एप्रिलला, त्रिशूर पूरम या केरळातील मोठ्या मंदिर-उत्सवाच्या आतषबाजीला अटींसह वाट मिळाली. या घाईची टीका झाली. मला मात्र त्यात विसंगती दिसत नाही : सरसकट बंदी टिकवता येत नाही हे न्यायालयाने ओळखले आणि प्रश्न पुन्हा अटींवर आणून ठेवला. अटी पाळून घेणारा कोण, हा भाग तेव्हाही मोघमच राहिला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने स्फोटके नियमांत दुरुस्ती केली आणि आतषबाजीची जागा व कोठार यांच्यात २०० मीटर अंतराची अट आणली. उशिरा का होईना, दुसरे अंतर नियमांत ठळकपणे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस, २८ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास, कासरगोड जिल्ह्यातील नीलेश्वरम येथे तेय्यम या विधिनृत्याच्या उत्सवात फटाके ठेवलेली शेड पेटली. दीडशेहून अधिक लोक जखमी झाले आणि काही जण पुढे दगावले. तेथेही परवानगी नव्हती आणि फटाके शेडच्या अगदी जवळ वाजवले जात होते. राजपत्रातले २०० मीटर त्या अंगणापर्यंत पोचले नव्हते.

त्रिशूरला नवी अट वेगळ्याच कारणाने अडली. शहराच्या मधोमध असलेल्या तेक्किनकाड मैदानावर, जेथे कोठारे वर्षानुवर्षे मैदानातच आहेत, तेथे २०० मीटर मोजायला जागाच निघत नव्हती. आयोजक देवस्वमांनी, म्हणजे देवळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थांनी, म्हणणे मांडले की अंतराची अट भरलेल्या कोठारासाठी आहे. आतषबाजी सुरू होण्यापूर्वी सगळा माल बाहेर काढून नळ्यांवर लावला, तर मागे उरते ती रिकामी खोली. २०२५ च्या पूरमआधी राज्याच्या महाधिवक्त्यांनीही कोठार रिकामे ठेवल्यास आतषबाजी करता येईल, असा कायदेशीर अभिप्राय दिला, आणि त्या वर्षीची आतषबाजी त्याच आधारावर झाली.

वरवर पाहता ही वकिली पळवाट आहे, आणि नियम वाचणाऱ्या अधिकाऱ्याला ती खटकणे साहजिक आहे. पण दारूकामाच्या बाजूने पाहिले तर तिच्यात पुट्टिंगलच्या रात्रीचे नेमके उत्तर आहे. कोठार रिकामे करायचे म्हणजे एकूण माल आधी मोजावा लागतो. सगळा माल एकदम लावायचा म्हणजे समोरच्याचे पाहून मागाहून भर घालता येत नाही, आणि ठिणग्यांखालून होणाऱ्या फेऱ्या संपतात. शिवाय ही अट तपासायला तज्ज्ञ नको. पहिली बत्ती देण्याआधी स्फोटक विभागाचा एक अधिकारी आणि एक पोलीस अधिकारी यांनी कंबप्पुऱ्याचे दार उघडायचे, आत विजेरी मारून पाहायचे, दाराला कुलूप लावून किल्ली आपल्याकडे ठेवायची आणि वेळ घालून सही करायची.